मेंडोलिनसाठी कॅपो घेताना: आठ तारा, चार जोड्या आणि पहिला पडदा

कोजागिरीची रात्र, सोसायटीची गच्ची, कडेला आटत असलेलं दूध. आठवडाभर तालीम पांढरी पाचमध्ये (पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीत) झाली होती. ऐन वेळी गाणाऱ्या ताई म्हणाल्या, "आज आवाज छान लागलाय, काळी चार घेऊया का?" पेटीवाल्या काकांची पेटी स्केल चेंजर. त्यांनी खटका सरकवला आणि बोटं होती तिथेच ठेवून सूर दिला. तबलजींनी हातोडी काढली. माझ्याकडे होतं मेंडोलिन, आणि शेजारच्या मुलाच्या गिटारवरून काढून आणलेला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून पट्टी वर नेणारी पकड.

तो लावला आणि पहिल्याच झंकारात कळलं की काहीतरी बिघडलं आहे. तार दबली नाही असं नव्हतं. आठही तारा वाजत होत्या. पण प्रत्येक जोडीतल्या, एकाच सुराला मिळवलेल्या दोन तारा एकमेकींशी भांडत होत्या. वाद्य बेसूर नव्हतं, आंबल्यासारखं लागत होतं. गिटारवर त्याच कॅपोबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती.

हा लेख त्या रात्रीनंतर शिकलेल्या गोष्टींचा आहे. मेंडोलिनचा कॅपो म्हणजे गिटारच्या कॅपोचं लहान भावंड नव्हे. गिटारवर "तार दबते का?" एवढं विचारलं तरी भागतं. मेंडोलिनवर प्रश्न असतो, "जोडीतल्या दोन्ही तारा सारख्याच दबतात का?" पुढची सगळी निवड या एका प्रश्नाभोवती फिरते.

आधी ठरवा: कॅपो हवाच आहे का?

पैसे घालण्याआधीचा हा प्रश्न मेंडोलिनवाल्यांनी खरंच विचारावा, कारण पुष्कळांना कॅपो लागत नाही. मेंडोलिनच्या जोड्या व्हायोलिनसारख्याच लागतात: जी, डी, ए, ई. आपल्या भाषेत पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीच्या पंचमावर. अंतर सगळीकडे सारखं असल्यामुळे मोकळ्या तारेचा आधार न घेता बसवलेली सुरावट जशीच्या तशी एक पडदा (नेकवरची, म्हणजे वाद्याच्या मानेवरची आडवी धातूची पट्टी) वर सरकवता येते. अमेरिकेतले ब्लूग्रासवाले (ब्लूग्रास ही तिथल्या लोकसंगीताची एक शैली) हेच करतात. ब्लूग्रासचे जनक बिल मन्रो यांच्या परंपरेतले वादक चारही जोड्यांवर बोटं दाबून बंद कॉर्ड धरतात आणि तोच आकार हव्या त्या पट्टीत नेतात. शेजारी बसलेले बँजोवाले आणि गिटारवाले कॅपो लावतात, मेंडोलिनवाला सहसा लावत नाही.

मग कॅपो कशासाठी? मोकळ्या तारांसाठी. मेंडोलिन डी, जी किंवा ए मध्ये वाजवताना षड्ज आणि पंचम शेजारशेजारच्या मोकळ्या जोड्यांवर मिळतात. डीमध्ये मधल्या दोन जोड्या सा आणि प, जीमध्ये खालच्या दोन, एमध्ये वरच्या दोन. अंगात तंबोरा असल्यासारखं वाद्य गुंजत राहतं. भजनाला, भावगीताला, लोकगीताला हा गुंजारवच गोडवा देतो. पट्टी अर्ध्या सुराने वर गेली की तो गेला. कॅपो तो परत आणून देतो.

"मग सगळ्या तारा अर्धा सूर चढवू" असं कुणी सुचवलं तर सांगणाऱ्याचे आभार मानून गप्प बसा. आठ खुंट्या पिळण्यात भजन संपून जाईल, हे एक. दुसरं म्हणजे अर्धा सूर चढवला की तारेवरचा ताण सुमारे १२ टक्के वाढतो आणि पूर्ण सूर चढवला तर २६ टक्के. मध्यम जाडीच्या आठ तारांचा मिळून ताण मुळातच ८० किलोच्या आसपास असतो. ई जोडीची तार तुटली तर सुटलो म्हणायचं. जुन्या वाद्याची वरची फळी बसली तर रडायचीच वेळ.

रागसंगीत वाजवत असाल तर मात्र कॅपोच्या वाटेला फारसे जाऊ नका. संगीतकार सज्जाद हुसेन यांनी या वाद्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) काढून दाखवली. मींडेला तारेची लांबी लागते आणि कॅपो नेमकी तीच कापतो. कर्नाटक संगीतातले यू. श्रीनिवास यांचं वाद्य पाच एकेरी तारांचं, इलेक्ट्रिक. तुमचंही एकेरी तारांचं असेल तर या लेखातली निम्मी डोकेदुखी तुम्हाला नाही.

तुमची पट्टी, तुमचा पडदा

इंग्रजी मार्गदर्शनात सगळीकडे दुसऱ्या पडद्यावरच्या कॅपोची चर्चा सापडते, कारण तिथली गाणी जी, डी, ए, बी अशा पट्ट्यांत असतात. आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे. आपले गायक काळ्या पट्ट्यांवर जीव टाकतात: काळी एक, काळी दोन, काळी चार, काळी पाच. आता गंमत बघा.

पांढरी एकची बोटं, कॅपो पहिल्या पडद्यावर: काळी एक.
पांढरी दोनची बोटं, पहिला पडदा: काळी दोन.
पांढरी पाचची बोटं, पहिला पडदा: काळी चार.
पांढरी सहाची बोटं, पहिला पडदा: काळी पाच.

म्हणजे आपल्या बैठकीत बहुतेक वेळा कॅपो बसणार तो पहिल्याच पडद्यावर. उरलेल्यांपैकी पांढरी तीन, पांढरी चार आणि काळी तीन या पांढरी दोनच्याच बोटांनी अनुक्रमे दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पडद्यावर मिळतात. पांढरी सात हवी असेल तर पांढरी सहाची बोटं आणि दुसरा पडदा. चौथ्याच्या पुढे जायची गरज मला क्वचितच पडली आहे. पाचव्यावर लावला तर वाद्य सी, जी, डी, ए असं लागतं. ही मेंडोलाची जुळणी, एक सप्तक वर. ऐकायला मजेदार लागते, पण बोटांना जागा राहत नाही.

पहिला पडदा एवढा महत्त्वाचा का? कारण कॅपोची खरी परीक्षा तिथेच होते. तिथे नट (जिच्या खाचांतून तारा नेकवर येतात ती पट्टी) अगदी शेजारी असतो. नटावरून येणारी तार उंच असेल तर तेवढ्या थोड्या अंतरात तिला खाली वाकवायला जास्त जोर लागतो. शिवाय कॅपोचा खटका किंवा स्क्रू खुंट्यांना अडतो. दुकानात तिसऱ्या पडद्यावर सुरेख बसलेला कॅपो घरी येऊन पहिल्यावर खरखरतो, तो यामुळेच.

पेन्सिलीचा प्रयोग

विकत घेण्याआधी दहा रुपयांत चाचणी करा. एक गोल पेन्सिल घ्या, नेकच्या रुंदीपेक्षा जरा लांब तुकडा कापा. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा तिच्यावर गुंडाळा. पहिल्या पडद्याच्या धातूला चिकटून, नटाच्या बाजूला ती तारांवर ठेवा आणि नेकमागून दोन जाड रबरबँड घेऊन दोन्ही टोकांना अडकवा. रबरबँड आणि लाकूड यांच्यामध्ये सुती चिंधी घाला, नाहीतर पॉलिशवर डाग पडतो.

हा कॅपो बैठकीत न्यायच्या लायकीचा नाही. पण आठवडाभर घरी वाजवून दोन गोष्टी कळतात: तुम्हाला कॅपोचा उपयोग किती होतो आणि तुमच्या मेंडोलिनच्या सपाटीला साधी सरळ दांडी चालते की नाही. पेन्सिलीनेही आठही तारा स्वच्छ वाजल्या तर महागड्या वक्र दांडीच्या कॅपोवर पैसे घालवायची गरज नाही.

मोजमाप

व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तम, नाहीतर कागदाची पट्टी आणि मिलिमीटरची फूटपट्टी पुरे.

पहिलं माप नटापाशी नेकच्या रुंदीचं. मेंडोलिनचा नट साधारण २८ ते ३० मि.मी. रुंद असतो, स्टीलच्या तारांच्या गिटारचा ४३ ते ४५. नेक पुढे रुंदावत जातो, त्यामुळे चौथ्या पडद्यापाशीही माप घ्या. कॅपोची दांडी चौथ्या पडद्यावरच्या बाहेरच्या तारांच्या थोडी पलीकडे पोहोचली पाहिजे, पण पहिल्या पडद्यावर बोटभर बाहेर लोंबता कामा नये. गिटारचा कॅपो लावला की पाच सेंटिमीटरहून लांब दांडी अडीच-तीन सेंटिमीटरच्या नेकवर बसते. उरलेला भाग तर्जनीला टोचत राहतो.

दुसरं माप पडद्यांमधल्या जागेचं. बहुतेक मेंडोलिनची तारेची लांबी नटापासून घोडीपर्यंत (फळीवर तारा जिथे टेकतात तिथपर्यंत) ३५ सें.मी.च्या आसपास असते. त्या हिशोबाने पहिल्या घरात सुमारे २० मि.मी. जागा, पाचव्या घरात १६ हूनही कमी. गिटारच्या पहिल्या घरात ३६ मि.मी. असते. कॅपोची दांडी जाडजूड असेल तर ती घराचा अर्धा भाग खाते, आणि मेंडोलिनवाल्याचं बोट कॅपोच्या लगेच पुढच्या पडद्यावर यायचंच असतं. दांडी ८ ते १० मि.मी.पेक्षा जाड नको.

तिसरी गोष्ट सपाटीची. तारा बदलताना, जुन्या काढलेल्या असताना हे काम उरका: स्टीलची फूटपट्टी उभ्या धारेवर, पडद्यावर आडवी धरा. धार सगळीकडे टेकली तर तुमचा फिंगरबोर्ड (बोटं दाबतात ती पट्टी) सपाट आहे. मध्ये टेकली आणि कडांना उजेड दिसला तर तो वक्र आहे. जुन्या आणि साध्या मेंडोलिनमध्ये सपाटच जास्त दिसतात, नव्या चांगल्या वाद्यांत वक्र वाढले आहेत.

इथे दुकानदार आणि उत्साही जाणकार वक्रतेबद्दल बरंच काही सांगतील. जरा हिशोब करून बघू. बाहेरच्या दोन तारांमधलं अंतर २४ मि.मी. धरलं आणि १२ इंच त्रिज्येची वक्रता धरली, तर मधल्या आणि कडेच्या उंचीत फरक पडतो पाव मिलिमीटरचा. आता तारांची जाडी बघा. प्रचलित मध्यम संचात ई तार ०.०११ इंच आणि जी तार ०.०४० इंच. मिलिमीटरमध्ये ०.२८ आणि १.०२. म्हणजे सपाट बोर्डवरसुद्धा जाड तारेची पाठ बारीक तारेच्या पाठीपेक्षा पाऊण मिलिमीटर वर असते. कॅपोच्या रबराला वक्रतेपेक्षा तिप्पट फरक तारांच्या जाडीचा गिळायचा असतो! म्हणून मी दांडीच्या आकारापेक्षा रबर आधी बघतो. नखाने दाबल्यावर रबर हलकंसं दबलं पाहिजे आणि सोडल्यावर लगेच भरून आलं पाहिजे. दगडासारखं कडक रबर जी जोडीवर टेकून बसतं आणि ई जोडी खरखरत राहते. फार लिबलिबीत असेल तर सूर मऊ होतो, झंकार मरतो.

जोडी का फाटते

तार दाबली की ताणली जाते आणि ताणली की चढते. कॅपोने गरजेपेक्षा जास्त जोर लावला तर प्रत्येक तार थोडी चढणारच. गिटारवर एक तार पाच सेंट चढली, म्हणजे अर्ध्या सुराच्या विसाव्या भागाएवढी, तर सामान्य कानाला ती खुपत नाही, कारण तिच्याशी तुलना करायला शेजारी तिची जुळी बहीण नसते.

मेंडोलिनवर असते. ए जोडी ४४० हर्ट्झला लागते. तिच्यातली एक तार पाच सेंट चढली तर दोघींत सव्वा हर्ट्झचा फरक पडतो, म्हणजे सेकंदाला एकाहून जास्त वेळा आवाज फुगतो आणि विरतो. दुसऱ्या पडद्यावर कॅपो लावलेल्या ई जोडीत तोच पाच सेंटचा फरक सेकंदाला दोन हेलकावे देतो. तंबोरा मिळवताना हेच हेलकावे ऐकून आपण खुंटी पिळतो. कोजागिरीच्या रात्री मला जे आंबल्यासारखं लागलं, ते हेच.

तेव्हा दाब कमी हवा, आणि सारखा हवा. नेमका याच निकषावर आता प्रकार बघू.

बाजारात काय मिळतं

गिटारवाल्यांच्या हातात सगळ्यात जास्त दिसतो तो चिमट्यासारखा, स्प्रिंगचा कॅपो. कायझर कंपनीचा चिमटा प्रसिद्ध आहे आणि ती बँजो-मेंडोलिनसाठी आखूड चिमटाही बनवते. एका हाताने लावता येतो, गाण्याच्या मध्ये हलवता येतो. दोष एकच, पण मोठा: जोर स्प्रिंग ठरवते, तुम्ही नाही. स्प्रिंगला सगळ्यात वाईट परिस्थिती गृहीत धरावी लागते, त्यामुळे ती हमखास जास्त दाबते. तुमच्या वाद्याच्या तारा खाली आणि नट नीट कापलेला असेल तर तो जास्तीचा जोर निव्वळ सूर चढवण्यात जातो. पट्टी दर गाण्याला बदलत असेल तरच चिमटा घ्यावा, आणि तोही गिटारचा नाही.

दुसरा प्रकार खटक्याचा: मागून एक लहानशी दांडी फिरवली की कॅपो आवळून बसतो आणि किती आवळायचं ते बारीक स्क्रूने आधीच ठरवता येतं. शब कंपनीचे कॅपो या जातीचे, आणि त्यांच्याकडे बँजो-मेंडोलिनच्या मापाचे मिळतात. एकदा स्क्रू लावून ठेवला की पुढे प्रत्येक वेळी तेवढाच दाब मिळतो. घासलं गेलेलं रबर बदलता येतं, हा आणखी एक फायदा. माझ्याकडे तीन वर्षं या जातीचाच आहे. कुरकुर एवढीच की पहिल्या पडद्यावर लावताना खटका खुंट्यांकडे येतो. त्यामुळे तो कुठल्या बाजूने फिरतो ते घेताना बघून घ्या.

तिसरा स्क्रूचा, नेकला वेढा घालणारा. पेज कंपनी मेंडोलिनसाठी असा कॅपो बनवते. बारीक चौकट, मागे मध्यावर एक स्क्रू. नको असेल तेव्हा तो नटाच्या मागे सरकवून तिथेच ठेवता येतो, खिशात शोधायला नको. दाब मधोमध येतो, त्यामुळे जी आणि ई या दोन्ही टोकांना सारखाच पोहोचतो. माझ्या मते मेंडोलिनच्या जोडतारांना सगळ्यात मानवणारा प्रकार हाच. तोटा: बदलायला दोन हात आणि पाचेक सेकंद लागतात. नेकचा आकार मागून इंग्रजी व्हीसारखा टोकदार असेल तर आधी लावून बघावा, कारण स्क्रूची गादी त्या धारेवर डुगडुगते.

कापडी इलॅस्टिकचा कॅपो स्वस्त आणि हलका असतो, पण दाब भोकाभोकाने बदलतो, म्हणजे या भोकात सैल आणि पुढच्या भोकात घट्ट. मेंडोलिनवर ती मधली जागा हवी असते, नेमकी तीच नाही. पेन्सिलीचा प्रयोग केला असेल तर याची गरज नाही.

युकुलेलेचा कॅपो घ्यावा का, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, कारण दुकानात तो सहज मिळतो. लांबीला तो जवळपास बसतो आणि दांडी सपाट असते. पण युकुलेलेला चार नायलॉनच्या तारा, त्यांचा ताण मेंडोलिनच्या मानाने किरकोळ. चिमट्याचा असेल तर आठ स्टीलच्या तारांपुढे स्प्रिंग कमी पडते. स्क्रूचा असेल तर बऱ्याच वेळा चालून जातो. बँजोचा कॅपो मात्र निःशंक बघावा. पाच तारी बँजोचा नेक मेंडोलिनच्या जवळचा असल्यामुळे कंपन्या दोन्ही वाद्यांसाठी एकच माप विकतात.

ऑनलाइन मागवताना फोटोवर जाऊ नका. वर्णनात "मेंडोलिन" हा शब्द आहे का ते बघा, आणि दांडीची लांबी दिलेली नसेल तर विचारा. "सगळ्या वाद्यांना चालेल" असं लिहिलेला कॅपो मी एकदा घेतला होता. तो सध्या माझ्या वहीत खूण म्हणून आहे.

लावून बघताना

शक्य असेल तर दुकानात स्वतःचं वाद्य घेऊन जा. मेंडोलिन जेमतेम किलोभराचं, न्यायला जड नाही. आणि जायच्या आधी वाद्याचीच दोन परीक्षा घरी करा, नाहीतर वाद्याचा दोष कॅपोच्या माथी जाईल.

पहिली घोडीची. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते आणि धक्क्याने सरकते. बाराव्या पडद्यावर तारेला हलका स्पर्श करून निघणारा स्वर आणि तिथेच दाबून निघणारा स्वर एक आले पाहिजेत. दाबलेला चढत असेल तर घोडी थोडी मागे, शेपटाकडे सरकवायची. उतरत असेल तर पुढे.

दुसरी नटाची. तिसऱ्या पडद्यावर तार दाबा आणि पहिल्या पडद्यावर तिच्याखाली किती फट उरते ते बघा. कागद जेमतेम सरकेल एवढीच हवी. त्याहून बरीच मोठी असेल तर नटाच्या खाचा उथळ आहेत. आपल्याकडच्या स्वस्त वाद्यांत हे फार आढळतं. अशा वाद्यावर कॅपो लावला की एकदम हलकं आणि सुरेल वाटतं आणि आपण कॅपोचं कौतुक करतो. खरं तर कॅपोने तात्पुरता नटच बदललेला असतो! अशा वेळी वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून खाचा खोल करून घ्याव्यात. कॅपो पुढच्या महिन्यात.

आता कॅपो. आधी कॅपो न लावता आठही तारा मिळवा. बैठकीत पेटी जुनी असेल तर ट्यूनरचं ऐकू नका, पेटीचं ऐका. पेटीची पांढरी सहा दाबून धरा आणि तिला ए जोडी मिळवा, बाकीच्या त्यावरून. मग स्क्रू पूर्ण सैल करून कॅपो पहिल्या पडद्यावर ठेवा: दांडी पडद्याच्या धातूला जवळजवळ टेकून, पण त्याच्यावर चढलेली नाही, आणि पडद्याला समांतर. घराच्या मधोमध ठेवला तर तेवढीच स्वच्छता यायला जास्त जोर लागतो आणि तारा चढतात.

स्क्रू हळूहळू आवळत आठही तारा एकेक करून छेडा. जोडी नव्हे, एकेक तार. जोडीने छेडलं की चांगली वाजणारी तार खरखरणारीला झाकून टाकते. शेवटची खरखर थांबली की स्क्रू आणखी पाव फेरा आवळा आणि तिथे थांबा. हीच तुमची जागा. नंतर प्रत्येक जोडी एकत्र छेडून हेलकावे ऐका. एखादी जोडी फाटली असेल तर नट आणि कॅपो यांच्यामधल्या तारेवर बोटाने हलकासा दाब देऊन सोडा. खाचेत अडकलेला ताण पुष्कळदा एवढ्यानेच मोकळा होतो आणि खुंटीला हात लावावा लागत नाही.

खरखर कुठे होते त्यावरून दोष ओळखता येतो. मधल्या डी आणि ए जोड्या खरखरत असतील आणि कडेच्या ठीक असतील, तर दांडी वक्र आहे आणि तुमचा बोर्ड सपाट. उलट कडेच्या जी आणि ई खरखरत असतील, तर दांडी सपाट आणि बोर्ड वक्र. फक्त ई खरखरत असेल तर रबर कडक आहे, जाड तारांवरच अडकून बसलं आहे. एकाच बाजूच्या दोन जोड्या खरखरत असतील तर कॅपो तिरका बसला आहे किंवा चिमट्याचा जोर त्या टोकापर्यंत पोहोचत नाही. आणि सगळ्या स्वच्छ वाजतात, पण सगळ्याच चढल्या आहेत? मग जोर जास्त आहे. स्प्रिंगचा असेल तर यावर उपाय नाही. दुकानदाराला धन्यवाद म्हणा आणि पुढचा मागा.

शेवटी कॅपो लावून पाच मिनिटं वाजवा. पहिल्या पडद्यावर कॅपो असताना दुसऱ्यावर तर्जनी आली की ती धातूला घासते का? ट्रेमोलो (एकच सूर भराभर छेडत राहणं) लांबवताना कॅपो सरकतो का? खांद्यावर पट्टा असेल तर वाद्य डोक्याकडून कलतं का? गिटारच्या जड कॅपोने मेंडोलिनची मान खाली जाते, तेव्हा हलका असेल तो बरा.

घरी आणल्यावर

वाजवून झालं की कॅपो काढा. रात्रभर लावून ठेवला तर रबरात तारांच्या खाचा पडतात आणि पुढच्या वेळी तारा त्या जुन्या खाचांत घसरतात, जोडीतलं अंतर बदलतं. लॅकर पॉलिशच्या महागड्या वाद्यांवर काही रबरं कायमचा डाग पाडतात. जुन्या इटालियन पद्धतीच्या, गोल पाठीच्या मेंडोलिनच्या बाबतीत तर मी मागच्या गादीखाली नेहमी सुती कापड घालतो.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, फळी दमट हवेने फुगते आणि तारा वर येतात. जूनमध्ये ठरवलेला पाव फेरा जुलैत कमी पडला तर घाबरू नका, स्क्रू थोडा आवळा. हिवाळ्यात तो परत सैल करायला मात्र विसरू नका. स्क्रूला वर्षातून एकदा शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरतो, रबराला तेल लागू देऊ नका. रबरावर खाचा कायमच्या पडल्या तर ते फिरवून बसवता येतं का बघा. नाहीच जमलं तर नवं रबर घ्या, कॅपो नवा घ्यायची घाई नको.

आणि कॅपोवर तेलाच्या रंगाने किंवा नेलपॉलिशने एक ठिपका ठेवा. गिटारवाल्या मुलाचा कॅपो आणि तुमचा, दोन्ही काळेच असतात, आणि सतरंजी गुंडाळताना अंधारात ते बदलायला एक क्षण पुरतो.